पोकळ वाजणारी भिंत फोडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळंब तालुक्यातला आजोबांचा माळवदाचा, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेला, वाडा वाटणीत तुमच्याकडे आला आहे. माजघराची लांबी बाहेरून जेवढी भरते त्यापेक्षा आतून चारेक फूट कमी भरते. एका भिंतीवर थाप मारली की डबडब वाजतं. ढाळजेच्या, म्हणजे दर्शनी ओसरीच्या, कोपऱ्यात लोखंडी कडी असलेली फरशी निघाली आहे. चुलत आजोबा म्हणतात, खाली गढीपर्यंत भुयार आहे. चुलत भाऊ म्हणतो, जेसीबी लावून एका दिवसात मोकळं करू. एक मशीनवाला ‘धन दाखवतो, चौथा हिस्सा द्या’ म्हणत चकरा मारतोय. फोडायला कुठून सुरुवात करावी आणि दुरुस्तीत दागिन्यांसाठी तशीच एखादी गुप्त जागा नव्याने करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात जुने वाडे उतरवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. तुमचं सगळं लक्ष ‘आत काय असेल’ याकडे लागलंय. माझं लक्ष गेलं ते त्या भिंतीवर किती वजन बसलंय आणि त्या फरशीखाली हवा कशी असेल याकडे. आत काय आहे ते महिनाभर उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही. भिंत आणि हवा यांच्याबाबत घाई केली तर माणूस जातो.

बरंचसं जागेवर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. भिंत दगड-मातीची आहे की चुन्यातली, माळवदाचं वजन लाकडी खांबांवर आहे की भिंतीवर, वाडा पांढरीवर (जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर) आहे की काळ्या मातीत, यावर उत्तर बदलतं. तरी विचार कसा करायचा ते सांगतो.

आधी या जागा होत्या कशासाठी, ते बघा. आपल्याकडच्या लपवलेल्या जागांपैकी बहुतेक जागा सोन्यासाठी नव्हत्याच, त्या ज्वारीसाठी होत्या. भिंतीला लागून किंवा दोन भिंतींच्या मध्ये ठेवलेली बंद खोली म्हणजे बळद. तिला दार नसतं. वरून, माडीतून किंवा माळवदावरून, धान्य ओतायचं आणि खाली गुडघाभर उंचीवर ठेवलेल्या भोकातून काढायचं. ते भोक लाकडी फळीने किंवा दगडाने बंद करून वर शेणमातीने लिंपायचं. वापर थांबला, कुणीतरी त्यावर गिलावा केला आणि दोन पिढ्यांत घरच्यांनाही विसर पडला. तुमचे हरवलेले चार फूट बहुधा हेच असावेत.

पेव वेगळं. ते जमिनीत खणलेलं असतं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. कडेला कडबा आणि भुसकट लावून आत ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने बंद करायचं. कडी असलेली फरशी मला पेवाचं तोंड वाटते, नाहीतर छोट्या तळघराचं.

तिसरा प्रकार खऱ्या चोरकप्प्यांचा. ते आकाराने लहान असतात. देवळीच्या मागची सरकणारी फळी, फडताळाचा दुहेरी तळ, दाराच्या चौकटीच्या पोटातला खण, जिन्याच्या पायरीखालची जागा. दागिने, जमिनीची खरेदीखतं, कर्जाचे कागद तिथे असायचे. चार फूट रुंदीची जागा सोन्यासाठी कोण अडवेल? चार तोळ्यांना विटेएवढी जागा पुरते.

लपवायची गरज का पडायची, त्याला आपल्या भागाचा इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात १९४०च्या दशकात सक्तीची धान्य लेव्ही होती, म्हणजे घरात दिसेल ते धान्य मोजलं जायचं. पुढे १९४७-४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने कळंब-धाराशिवकडची अनेक कुटुंबं हद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला गेली. जाताना जे नेता आलं नाही ते भिंतीत, चुलीखाली, गोठ्यात गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर लोक परतले आणि बहुतेकांनी आपलं आपण काढून घेतलं. त्यामुळे उघडलेल्या बळदांत मला मुख्यतः काय दिसतं, तर काळी पडलेली ज्वारी, उंदरांची घरटी, तुटकी मापं. कधीतरी एखादा पितळी डबा किंवा हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या नाण्यांतले, चार रुपये.

भुयाराचं म्हणाल तर गावोगावी ही गोष्ट ऐकायला मिळते. देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखा बोगदा, आहे हे खरं, पण ती अखंड खडकात कोरलेली आणि राजसत्तेच्या पैशाने केलेली. काळ्या मातीतून आणि मुरुमातून गढीपर्यंत बोगदा न्यायचा तर आतून दगडी बांधणी हवी, नाहीतर चार पावसाळ्यांत तो बसतो. एका घराला ते परवडणारं नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात लोक ज्यांना भुयारं म्हणतात त्यांतली बरीचशी मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरी आहेत, पाणी आणणाऱ्या. बीडच्या खजाना बावडीच्या नावात खजिना आहे, आतून मात्र जमिनीखालचा पाण्याचा पाट निघतो. तुमच्या चुलत आजोबांना खोटं पाडायचं नाही. त्यांनी लहानपणी पेवाचं काळं तोंड पाहिलं असेल आणि त्याला शेवट दिसला नसेल.

आता कामाला लागा. पहिलं काम टेपचं आहे, पहारीला त्यानंतर हात लावायचा. वाड्याचा नकाशा काढा, वहीच्या चौकटीच्या कागदावर चालेल. प्रत्येक खोली आतून मोजा, बाहेरची पूर्ण लांबी मोजा आणि दारं-खिडक्यांपाशी भिंतीची जाडी मोजा. आपल्याकडे अडीच-तीन फुटांची भिंत नेहमीची, दर्शनी भिंत त्याहून जाड. बेरीज जुळत नाही तिथे खूण करा. बऱ्याचदा घोळ इथेच सुटतो, कारण एखादी भिंत चार फुटांची निघते आणि ‘गुप्त खोली’ म्हणजे ती भिंतच असते.

मग खण मोजा. वरच्या माडीत तुळयांमधले सात खण आणि खाली सहाच दिसत असतील, तर सातवा कुठेतरी बंद आहे. आणि माळवदावर चढा. उजेडासाठी छतात ठेवलेली भोकं, म्हणजे सवणी, प्रत्येक खोलीच्या डोक्यावर असतात. एखादं सवणं दगडाने बंद आहे आणि त्याच्या बरोबर खाली कुठली खोलीच येत नाही, असं दिसलं तर ते बळदाचं तोंड समजा. मी स्वतः भिंतीपेक्षा माळवदावरून जास्त जागा ओळखल्या आहेत.

थाप मारून ऐकण्यावर फार विसंबू नका. गिलावा भिंतीपासून सुटला की तो डबडबच वाजतो. आपल्या दगडी भिंती दोन तोंडांच्या असतात. बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये गोटे-मातीची भर. पाणी मुरून ती भर खाली बसली की वर पोकळी होते, भिंतीला पोट येतं. असं पोट आलेली भिंत गुप्त खोलीसारखीच वाजते आणि तीच सगळ्यात धोकादायक असते. म्हणून थाप मारण्याआधी भिंतीला वरून ओळंबा लावून पाहा. मधला भाग पुढे आलेला असेल तर त्या भिंतीला हात लावायचा नाही, आधी टेकू.

आत पाहायचं तर दगडांच्या सांध्यात, जिथे माती आहे तिथे, ड्रिलने बोटभर जाडीचं एक भोक पाडा आणि मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा आत सोडा. तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याला पुढे दिवे असतात, फूट-दोन फूट आतलं स्पष्ट दिसतं. निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच संपतात. मशीनवाल्याला जेवढे पैसे दिले असते त्याच्या किरकोळ भागात हे होतं.

आता हवेबद्दल. हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पेवात धान्य वर्षानुवर्षं का टिकायचं? बंद जागेत धान्य आणि कीड दोन्ही श्वास घेतात, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड मरते. ज्या हवेने कीड मरते त्याच हवेने माणूस मरतो. कार्बन डायऑक्साइड साध्या हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तोंड उघडून ठेवलं तरी तो तळाला तसाच राहतो, विहिरीतल्या पाण्यासारखा. तळाला ओला कडबा किंवा पावसाचं पाणी कुजलेलं असेल तर हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. पेवात एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. असल्या घटनांत मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेही बरेच असतात.

जुनी माणसं कंदील सोडून पाहायची. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे बरोबर. कंदील जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, हे मात्र चूक. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि कामगारांसाठी १९.५ टक्क्यांच्या खाली धोक्याची हद्द धरतात. दिवा साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत जळत राहतो, तोवर माणसाचं डोकं जड होऊन हातपाय ऐकेनासे झालेले असतात. शिवाय कुजलेल्या जागेत मिथेन असेल तर उघडी ज्योत नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

योग्य रीत अशी. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही चारही मापं दाखवणारं मीटर आणा. गटार आणि टाक्या साफ करणाऱ्या चांगल्या ठेकेदारांकडे ते असतं, भाड्यानेही मिळतं. ते दोरीने वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी सोडून वाचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे मीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. पेवासाठी तो वेगळा मोजणारं मीटर मिळालं तर तेच आणा. ब्लोअरला पाइप लावून ताजी हवा तळापर्यंत ढकला, नुसतं तोंडाशी वारं घालून उपयोग नाही. जनरेटर लांब ठेवा, त्याचा धूरच आत जायचा. त्यानंतर पुन्हा मोजा. आणि एवढं करूनही माझा आग्रह हाच की माणूस उतरवू नका. दिवा आणि कॅमेरा सोडा, तळ दिसला की पुरे. काही काढायचंच असेल तर अग्निशमन दलाकडे किंवा या कामाच्या लोकांकडे जा. कमरेला पट्टा, वर दोरी धरणारी माणसं आणि उतरल्यापासून सतत चालू असलेलं मीटर यांशिवाय हे काम होत नाही.

बळदात आणखी एक धोका आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी गॅमेक्झिनची पूड टाकायचे आणि पुढे सल्फासच्या गोळ्या. न संपलेली गोळी डब्यात बंद राहिली असेल तर ओल लागली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला की माणसांना बाहेर काढा आणि जागा उघडी ठेवून दूर व्हा. राखाडी पूड, जुन्या पुड्या, डबे दिसले तर हाताने उचलू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. साप-विंचू असणारच. वटवाघळांची विष्ठा असेल तर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

आता भिंत फोडायची वेळ. इथे जेसीबीचं नाव काढू नका. हिशेब करून सांगतो. माळवदावर एक फूट मातीचा थर आहे असं धरलं तर दहा बाय दहाच्या खोलीवर शंभर घनफूट माती झाली, म्हणजे साधारण साडेचार टन. प्रत्यक्षात दर उन्हाळ्यात पांढरी माती चढवून चढवून थर दीड-दोन फुटांवर गेलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच डोक्यावर आलं आणि हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांची दोन तोंडं एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही आणि वर मातीचं ओझं. त्या वेळीही जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता तिथे भिंत बाहेर पडूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं. म्हणून आधी बघा, भिंतीत खांब आहेत का आणि तुळईचं टोक खांबावर टेकलंय की थेट भिंतीवर.

तुळई थेट भिंतीवर असेल तर फोडण्याआधी माळवदावरची जादा माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, तुळयांखाली टेकू द्या आणि मगच हात लावा. फोडायची जागाही विचाराने निवडा. बळदाचं जुनं भोक किंवा बंद केलेलं दार सापडतं का ते आधी शोधा. गिलाव्यात उभी सरळ भेग, वर आडवी लाकडी पट्टी, आजूबाजूपेक्षा लहान दगड, ही त्याची खूण. मूळ दार भरून काढलेलं असेल तर नुसती भर काढायची, भिंतीला धक्का लागत नाही. तसं काहीच नसेल तर वरून, सवण्यातून उघडा. नवीन भोक हा शेवटचा उपाय. तेव्हाही आधी वर अर्ध्या जाडीत लिंटेल (भोकावरचं वजन पेलणारी आडवी तुळई) बसवायचा, तो पक्का झाला की दुसरी बाजू आणि मग खालचे दगड. हे काम माळवदाची सवय असलेल्या गवंड्याला द्या. आरसीसी करणारी पोरं हुशार असतात, पण दोन तोंडांच्या भिंतीतला एक दगड ओढल्यावर मागची भर कशी वाहते हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

आता त्या मशीनवाल्याकडे येतो. मेटल डिटेक्टर धातू दाखवतो हे खरं. पण जुन्या वाड्यात खिळे, कड्या, बिजागऱ्या, बैलाच्या नाला सगळीकडे असतात, तो कुठेही वाजणार. ‘सोनं की लोखंड’ ते खात्रीने सांगतो म्हणणारा मशीन विकत नाही, तुम्हाला विकतोय. त्याच्या मागोमाग पायाळू (जन्मताना पायाकडून आलेला) माणूस आणा, मांडूळ साप आणा, अमावास्येला पूजा घाला, अशी मंडळी येतात. मांडूळ पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. गावात कुजबुज झाली तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

खरंच काही मौल्यवान निघालं तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेलं, म्हणजे भिंतीतलंही, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिची हमी द्यावी लागते. त्या ठेवीचा मालक कोणीच नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी त्यात वाटणी आहे. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लक्षात घ्या, ‘सापडणारा’ कोण हा प्रश्न आहे. भिंत फोडणारा मजूर की तुम्ही, यावरून भांडणं होतात. त्यामुळे उघडताना घरचे हजर ठेवा आणि पहिल्यापासून व्हिडिओ काढा.

वस्तू आजोबांच्याच होत्या असं दाखवता आलं, नावाचा डबा, यादी, पत्र, तर ती बेवारस ठेव राहत नाही. मग तो वारशाचा विषय होतो आणि त्यात आत्यांचाही वाटा येऊ शकतो. वाटणीपत्रात वाडा तुमच्या नावावर झाला म्हणून भिंतीतलं सोनंही झालं, असं गृहीत धरू नका. वकिलाला ते पत्र दाखवा.

वाडा पांढरीवर असेल तर फरशीखाली भलतंच काही निघू शकतं. तेर आणि पैठणला वस्तीच्या पांढरीत सातवाहन काळातले अवशेष मिळाले आहेत आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात ते पाहायला मिळतात. मूर्ती, नाणी, ताम्रपट असं १०० वर्षांहून जुनं काही आलं, किंवा ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. घासूनपुसून चकचकीत करू नका, जिथे आहे तिथेच ठेवून फोटो काढा आणि तहसीलला कळवा. सोनाराकडे नेऊन वितळवणं ही यातली सर्वांत वाईट गोष्ट.

राहिली तुमची नवीन गुप्त जागा. नव्याने तळघर खणायचं मनात असेल तर काळ्या मातीत नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तळघराच्या भिंती आत ढकलते. मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय आणि पाण्याला वाट काढल्याशिवाय ते टिकत नाही. बळद मात्र छान वापरता येतं. माळवदाचं ओझं कमी करून, भोकाच्या जागी व्यवस्थित दार बसवून आणि वर-खाली जाळीची झडप ठेवून त्याची कोठीची खोली होते. पुढे फडताळ बिजागरीवर लावलं तर बाहेरून दिसणारही नाही. दोन गोष्टींत तडजोड नको. माणूस आत मावेल अशा जागेची कडी आतून उघडलीच पाहिजे, लपाछपी खेळणारी पोरं बंद दाराआड गुदमरतात. आणि हवा खेळती हवी.

दागिन्यांसाठी मी चोरकप्पा सुचवत नाही. सुतार, गवंडी, वायरमन, त्यांची पोरं, एवढ्यांना माहीत असलेली जागा गुप्त नसते. बँकेचा लॉकर घ्या, नामनिर्देशन भरा. घरी रोजच्या वापराचं ठेवायचंच असेल तर भिंतीत काँक्रीट भरून बसवलेली छोटी तिजोरी कप्प्यापेक्षा चांगली. चोराला ती दिसली तरी उचलून नेता येत नाही. ती मातीच्या भिंतीत पकड घेत नाही, त्यामुळे नव्या विटेच्या भिंतीत बसवा. खरेदीखतं आणि कागद वाड्यात कुठेच नकोत, वाळवी आधी तिकडेच जाते. आणि जागा कुठली आणि किल्ली कुठे, हे तुमच्याशिवाय घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या. तुमच्या आजोबांनी कुणाला सांगितलं असतं तर आज तुम्हाला टेप घेऊन वाडा मोजावा लागला नसता.